त्रिनिदाद: मराकास बीचला एक दिवस, खासगी गाइड घ्यावा का?

मोरपीस
नमस्कार मंडळी,
मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवऱ्याचं पोर्ट ऑफ स्पेनला ऑफिसचं काम निघालंय (तेच ते, तेल आणि गॅस). या खेपेला मी आणि सासू-सासरेही शेपूट धरून निघालोय. दोघं नागपूरहून ह्यूस्टनला आमच्याकडे आलेत, मे अखेरपर्यंत मुक्काम आहे. नवरा दिवसभर मीटिंगांमध्ये असणार, म्हणून आम्ही तिघांनी एक दिवस मराकास बीचला जायचं ठरवलंय.

ओळखीतून एका गाइडचा नंबर मिळालाय. गाडी त्याचीच. सकाळी हॉटेलवरून नेणार, वाटेत थांबत थांबत जाणार, संध्याकाळी परत सोडणार. तिघांचे मिळून दोनशे अमेरिकन डॉलरच्या आसपास सांगतोय. नवऱ्याचं म्हणणं, "समुद्र दाखवायला माणूस कशाला लागतो?" सासूबाई पक्क्या शाकाहारी, सासऱ्यांचे गुडघे कुरकुरतात आणि मला पोहता येतं म्हणजे क्लबच्या तलावात येतं.

कोणी गेलंय का? पैसे वाजवी आहेत का? खायचं काय?

तिरसट
तुमच्या यजमानांशी सहमत. गुहागरला जाताना कधी गाइड केला होता का? हॉटेलच्या दारातून टॅक्सी करा, बीचवर उतरा, लाटा मोजा, परत या. दोनशे डॉलर वाचले.

भटकी_मांजर
तिरसटराव, तुम्ही गुहागरलाही कोणाला पत्ता न विचारता हेदवीला पोचला असाल. 😀

बांगडा_फ्राय
मोरपीस ताई, पोर्ट ऑफ स्पेनला नोकरीनिमित्त काही वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिरसट म्हणतात तशी टॅक्सी जाताना मिळेल. प्रश्न परतीचा आहे. शहरात मॅक्सी टॅक्सी (ठरलेल्या मार्गावरच्या छोट्या बस) भरपूर, पिवळ्या पट्ट्याच्या शहरात आणि पश्चिमेला, लाल पट्ट्याच्या पूर्वेकडे. पण मराकासचा रस्ता डोंगरापलीकडे उत्तर किनाऱ्यावर जातो आणि तिकडे त्यांची रोजची वर्दळ नाही. बस आहे, पण तिच्या भरवशावर सासू-सासऱ्यांना घेऊन बसू नका. दुपारी चारला अंगभर वाळू घेऊन रस्त्याकडेला उभं राहायचं आणि कोण नेतं बघायचं, हे आम्ही सडेफटिंग असताना ठीक होतं.

दुसरं, नंबर प्लेट बघा. भाड्याच्या परवान्याच्या गाड्यांचा नंबर एच अक्षराने सुरू होतो, खासगी गाडीचा पी ने. पी वाल्या गाड्याही सर्रास भाडं मारतात, स्थानिक लोक बसतातही. पण ते बेकायदा आहे आणि पाहुण्याने त्या फंदात पडू नये. गाइडला फोनवर सरळ विचारा, "गाडी एच आहे ना?" जो आढेवेढे घेईल तो बाद.

तिसरं, पैसे गाडीमागे ठरवा, माणशी नको. थांबे किती, गाडी दिवसभर तिथेच थांबणार की मध्ये दुसरं भाडं मारून येणार, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. नाहीतर तुम्हाला बीचवर सोडून साहेब गायब.

आणि खरी मजा रस्त्यात आहे. मारावाल सोडलं की चढण लागते, वर खिंडीत रस्त्याच्या दोन बाजूंना दोन जुने दगडी खांब उभे आहेत, तिथून नॉर्थ कोस्ट रोड सुरू. हा रस्ता अमेरिकन लष्कराने १९४४ मध्ये बांधून दिला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी चागुआरामासला नौदलाचा तळ टाकला आणि तिकडचे किनारे लोकांना बंद झाले. लोक चिडले, तेव्हा भरपाई म्हणून हा रस्ता. म्हणजे मराकास आज सगळ्या देशाचा लाडका बीच आहे तो लष्कराच्या कृपेने.

पुढे एका वळणावर खाली समुद्र दिसतो. तिथे गाडी थांबवाच. टपऱ्या आहेत: चिंचेचे साखर-तिखटात घोळवलेले गोळे, लाल रंगात मुरवलेला आंबा, खोबऱ्याची साखरवडी, कुरमा (आपल्या शंकरपाळ्यासारखा गोड, भाजीचा नव्हे). शिवाय 'चाओ'. बाई कच्च्या आंब्याच्या किंवा अननसाच्या फोडी करते, त्यात ठेचलेला लसूण, मीठ, मिरची आणि शॅडो बेनी नावाची करवती कडांची लांब पानं बारीक चिरून टाकते. पिशवीचं तोंड मुठीत धरून दणादण हलवते आणि पिशवीच हातात देते. तळाशी साठलेलं पाणी शेवटी पिशवीला तोंड लावून प्यायचं. सासूबाईंना बिनधास्त चालेल.

मोरपीस
बांगडा_फ्राय, दंडवत! एच प्लेटचं माहीतच नव्हतं. आजच विचारते.

तिरसट
परतीच्या गाडीचा मुद्दा मान्य. पण त्याला गाइड नाही, ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हरचे पैसे द्या, गाइडगिरीचे कशाला?

बांगडा_फ्राय
त्रिनिदादमध्ये दोन्ही एकच माणूस असतो हो. गप्प बसणारा त्रिनिदादी ड्रायव्हर मिळाला तर मलाही कळवा.

सुमीत_ठाणे
आम्ही क्रूझवरून गेलो होतो. क्रूझवाल्यांसाठी एक महत्त्वाचं: जहाजाची स्वतःची सहल घेतली आणि ती लांबली तर जहाज थांबतं. बाहेरचा खासगी गाइड घेतला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. बंदरात उभं राहून टाटा करायचा. म्हणून खासगी गाइडसोबत निघताना परतीची वेळ दोनएक तास अलीकडची सांगा. मोरपीस यांना हे लागू नाही, पण धागा उद्या दुसरं कोणी वाचेल.

बाकी मराकास छान आहे, मात्र "कॅरिबियन" म्हणून कॅलेंडरवर असतं तसं निळंशार, आरशासारखं पाणी तिथे नसतं. हिरवे डोंगर थेट पाण्यात उतरलेत, नारळाची रांग आहे आणि लाटा खणखणीत आहेत. तसलं निळं पाणी हवं तर टोबॅगोला जा.

मीठ_मसाला
कोणी बेक अँड शार्कबद्दल कसं बोललं नाही अजून? मराकासला जाऊन ते न खाता आलात तर विमानतळावर अडवतात म्हणे.

टम्म फुगलेला तळलेला बेक, भटुऱ्याचा जाडजूड भाऊ समजा. तो मधून चिरून आत मसाला लावून तळलेला शार्कचा तुकडा. तिथवर दुकानदाराचं काम संपलं. पुढे लांबलचक टेबलावर भांडी मांडलेली असतात: कोबी, काकडी, टोमॅटो, अननस, चिंचेचं सॉस, लसणाचं सॉस, शॅडो बेनीची हिरवी चटणी, मोहरीचं सॉस आणि मिरचीचं सॉस. ज्याचं त्याने भरायचं. नवखा माणूस सगळं घालतो आणि पहिल्या घासाला ते कोपरापर्यंत ओघळतं. रिचर्ड्सच्या टपरीसमोर सगळ्यात मोठी रांग असते, पण शेजारचेही वाईट नाहीत. मिरचीचं सॉस थेंबाने घ्या. कोल्हापूरकरांनीही. विशेषतः कोल्हापूरकरांनी.

रंकाळा_चौपाटी
आमचं नाव कशाला मध्ये? घेतलं होतं चमचाभर. पुढचं सांगत नाही.

निळी_शाई
चव असेल, पण शार्क खाऊ नये असं माझं मत. मी मत्स्यशास्त्र शिकवते. शार्क उशिरा वयात येतात, पिल्लं थोडी देतात, त्यामुळे एकदा संख्या घटली की भरून यायला फार वर्षं लागतात. शिवाय वरच्या पातळीवरचा शिकारी मासा असल्याने अंगात पारा साठलेला असतो, गरोदर बायकांनी तर टाळावाच. तिथल्या बऱ्याच टपऱ्यांवर त्याच बेकमध्ये किंगफिश घालून मिळतो, तो मागा.

मीठ_मसाला
ताई, वर्षातून एकदा सहलीला जाणाऱ्या माणसाच्या एका तुकड्याने काय होणार?

निळी_शाई
रांगेतला प्रत्येक जण हेच म्हणत उभा असतो.

बांगडा_फ्राय
आयडीला जागून सांगतो, किंगफिशमध्ये काही कमीपणा नाही. आपल्या सुरमईच्याच घराण्यातला मासा आहे, एकाच प्रजातीसमूहात मोडतात दोघं. मी नंतर नंतर तोच घ्यायचो.

शाकाहारींचं: काही ठिकाणी विचारलं तर नुसत्या भाज्या भरून बेक देतात, पण कढई आणि तेल माशाचंच. सासूबाईंना ते चालणार नसेल तर निघण्याआधी सकाळीच शहरात डबल्स खाऊन घ्या. हळदीच्या दोन मऊ बाऱ्यांवर (तळलेल्या छोट्या पुऱ्यांवर) छोल्यांची पातळसर उसळ, वर चिंच आणि काकडी. कागदात गुंडाळून देतात, गाडीपाशी उभ्याने खायचं. संपूर्ण शाकाहारी. विकणारा विचारेल, "पेपर?" तर उत्तर "स्लाइट". ती सकाळची गोष्ट आहे, मात्र. दुपारसाठी सेंट जेम्समधून बटाटा-छोल्याची दालपुरी रोटी बांधून घ्या, बीचवर नारळाखाली बसून खाता येईल.

आजोबा_ऑनलाइन
पोर्ट ऑफ स्पेनचा धागा आणि अजून कोणाला क्वीन्स पार्क ओव्हल आठवलं नाही? काय ही पिढी!

मार्च १९७१. वाडेकर कर्णधार. याच मैदानावर भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं, सात गडी राखून. बोटाच्या दुखण्यामुळे पहिली कसोटी हुकलेल्या गावसकरने इथे पदार्पण केलं, ६५ आणि नाबाद ६७. आमच्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ काढले. दुसऱ्या डावात सलीम दुराणीने सोबर्स आणि लॉइड दोघांना उडवलं. मालिकेतली पाचवी कसोटीही याच मैदानावर, गावसकर १२४ आणि २२०. मालिकेत ७७४ धावा. त्या देशाने या पोरावर कॅलिप्सो (तिकडचं लोकगीत) रचली, स्वतः हरलेले असून! आम्ही रात्री रेडिओला कान लावून बसायचो.

मराकासला जाताना मैदान फार आडवाटेला नाही. गाइडला दोन मिनिटं गाडी थांबवायला सांगा. सासरेबुवांचे गुडघे आपोआप बरे होतील.

मोरपीस
आजोबा, सासऱ्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. आता बीच गेला खड्ड्यात, ओव्हलच बघायचं म्हणतायत. १९७६ चा ४०३ चा पाठलागही तिथलाच ना, असं विचारायला सांगितलंय.

आजोबा_ऑनलाइन
तिथलाच! ४ बाद ४०६. गावसकर आणि विश्वनाथ, दोघांची शतकं. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, माणूस जाणकार आहे.

तिरसट
धागा बीचचा होता. आठवण करून दिली, बाकी चालू द्या.

डॉ_खडीसाखर
मोरपीस, एक गंभीर मुद्दा. पिवळा ताप म्हणजे यलो फीव्हर. भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद आहे (टोबॅगो नाही). तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लसीचं वैध प्रमाणपत्र लागतं, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, म्हणजे आयत्या वेळी टोचून उपयोग नाही.

तुमचे सासू-सासरे मे अखेरपर्यंत अमेरिकेत आहेत, तेव्हा भारतात शिरण्याच्या नियमाची अडचण येऊ नये. पण त्रिनिदादहून परस्पर मुंबईला जाणाऱ्या एखाद्याने हे वाचावं म्हणून ठळक लिहिलं. लस घ्यायची की नाही हा प्रश्न वेगळा. साठीच्या पुढच्यांना ही लस पहिल्यांदाच देताना जास्त जपावं लागतं, त्यामुळे प्रवासी आरोग्याच्या डॉक्टरांना भेटून ठरवा. इथे कोणी "आम्ही नव्हती घेतली, काही झालं नाही" लिहिलं तर मनावर घेऊ नका. डास मात्र आहेत. मलम आणि लांब बाह्यांचे कपडे न्या.

ओवी
वाचनखूण साठवली. कपड्यांवरून आठवलं, लष्करी नक्षीचे कपडे, म्हणजे ते हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे, नेऊ नका. त्रिनिदादमध्ये सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने बंद आहे. लहान मुलांच्या टोप्या आणि बॅगासुद्धा तपासून घ्या.

रंकाळा_चौपाटी
खरंच? की फिरकी घेताय?

ओवी
खरंच. बार्बाडोस आणि जमैकातही तसंच आहे.

झुळूक
माझा अनुभव जरा कडू. त्रिनिदाद नव्हे, त्याच भागातलं दुसरं बेट. खासगी गाइडच घेतला होता. त्याने बीचवर जेमतेम टेकू दिलं आणि मग "माझ्या मित्राचं दुकान", "माझ्या वहिनीचं हॉटेल", "इथली रम फार प्रसिद्ध" करत दिवस घालवला. जेवणाचे भाव बघून नवरा पाणी पिऊन उठला. खासगी म्हणजे आपल्या मर्जीने, हा समज मनातून काढा. थांबे आधी ठरले नसतील तर मर्जी त्याची.

भटकी_मांजर
+१. बीचवर किती तास हवेत ते आकड्यात सांगायचं. "बघू" म्हटलं की गेलं.

तिरसट
झुळूक, तुमच्यासाठीच घसा कोरडा करतोय.

लाटांवरची_लता
पोहण्याबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. मराकासला पाण्याला ओढ आहे, म्हणजे माणसाला समुद्रात खेचणारा प्रवाह. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात उत्तर अटलांटिकमधल्या वादळांची फुग या किनाऱ्यावर येते, त्यामुळे ऐन पर्यटनाच्या दिवसांतच लाटा चढलेल्या असतात. मार्च त्यातच येतो. जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पाण्यात जायचं, नुसता लाल झेंडा असेल तर पाय भिजवून मागे. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारून दमू नका. किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, पट्टा सुटला की मग किनाऱ्याकडे या. मोरपीस, तलावात येणारं पोहणं इथे धरू नका, स्पष्टच सांगते.

मराकासच्या पुढच्याच वळणाला टायरिको नावाचा छोटा बीच आहे, तिकडे पाणी सहसा शांत असतं, कुटुंबं असतात. आणखी पुढे लास क्वेवास. तोही तुलनेने निवांत आणि गर्दी कमी, पण दिवस कलायला लागला की वाळूतल्या बारीक माश्या घोटे फोडून काढतात. हे टॅक्सीवाला सांगणार नाही, चांगला गाइड सांगेल. "आज मराकासला पाणी चढलंय, टायरिकोला जाऊ" असं सकाळी म्हणणारा माणूस मिळाला तर त्याला दोनशे डॉलर द्यावेत.

तिरसट
हा पहिला मुद्दा जो मला खरोखर पटला. समुद्र दाखवायला नाही, कुठल्या समुद्रात जायचं नाही ते सांगायला माणूस. ठीक. मत बदललं म्हणणार नाही, पण सैल केलं.

भटकी_मांजर
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

विदर्भकन्या
माझ्या वाचण्यात आलं होतं की तिकडे मजूर म्हणून गेलेल्यांत आपले मराठीही होते. मोरपीस, कोणी भेटलं तर विचारा ना.

निळी_शाई
ते मॉरिशस. मुंबई बंदरातून मराठी मजूर गेले ते मुख्यतः तिकडे. त्रिनिदादला जहाजं कलकत्त्याहून आणि थोडी मद्रासहून जायची. पहिलं 'फातेल रझाक' ३० मे १८४५ ला पोचलं. आजही ३० मेला तिथे भारतीय आगमन दिनाची सुट्टी असते. बहुतेक लोक आजच्या बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले. करारावर मजूर नेण्याची पद्धत १९१७ मध्ये बंद झाली. म्हणून तिथल्या जुन्या लग्नगीतांत भोजपुरी ऐकू येते.

विदर्भकन्या
ओह, धन्यवाद.

सुमीत_ठाणे
अवांतर: मध्य त्रिनिदादमध्ये कारापिचैमाला दत्तात्रेय योग केंद्र आहे आणि बाहेर ८५ फुटी हनुमान. तिथून जवळच वॉटरलूला समुद्रातलं मंदिर. शिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने आधी किनाऱ्यावर मंदिर बांधलं. जमीन साखर कंपनीची, म्हणून ते पाडलं आणि त्याला तुरुंगात टाकलं. सुटल्यावर तो म्हणाला, समुद्र तर कोणाच्या मालकीचा नाही! सायकलवरून दगड-माती वाहून पाण्यात भर घालत त्याने वर्षानुवर्षं काम केलं. सासूबाईंना बीचपेक्षा हे आवडेल. मराकासच्या दिवशीच उरकून घ्या.

बांगडा_फ्राय
त्याच दिवशी नको! मराकास उत्तरेला डोंगरापलीकडे, कारापिचैमा मध्य-पश्चिमेला. दोन्ही केलं तर दिवस गाडीतच जाईल, संध्याकाळी हायवेवर जी कोंडी होते ती वेगळीच. दुसरा दिवस मिळाला तर वॉटरलू आणि परतताना चारच्या सुमाराची कारोनी दलदलीतली होडी करा. लालभडक आयबिस पक्षी थव्याने झाडांवर उतरतात.

अजून एक: 'मराकास फॉल्स' हा धबधबा या बीचजवळ नाही, तो डोंगराच्या दुसऱ्या अंगाला सेंट जोसेफच्या बाजूला आहे. नाव सारखं बघून लोक गाइडशी वाद घालतात.

मीठ_मसाला
वार कोणता? रविवारी जाऊ नका, अख्खं पोर्ट ऑफ स्पेन तिथे असतं. आणि कार्निव्हलनंतरच्या ॲश वेन्सडेला तर दोन दिवस नाचून दमलेला देश शीण घालवायला मराकासला येतो. तारीख बघून घ्या.

मोरपीस
सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते.

गुरुवार ठरला, कार्निव्हल तोवर उरकलेला असेल. गाइडशी बोलले. गाडी एच आहे, नंबर प्लेटचा फोटोही पाठवला. थांबे लिहून घेतले: डबल्स, ओव्हल (सासऱ्यांचा हट्ट), वरची टपऱ्यांची जागा, बीचवर चार तास, मग परत. दुकानं नकोत म्हटल्यावर हसला, "नो शॉप, मॅडम." भाव थोडा उतरला. पाण्याचं काय, असं विचारल्यावर त्याने आपणहून टायरिकोचं नाव घेतलं, तिथे माझा निर्णय झाला. मराकासला फक्त जेवायला थांबू. सासरे किंगफिश घेणार. सासूबाईंसाठी रोटी बांधून नेणार. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे.

नवरा विचारतोय, पैसे स्थानिक चलनात न्यायचे का?

बांगडा_फ्राय
टपऱ्यांसाठी त्रिनिदादी डॉलर हवेत, थोडे. एका अमेरिकन डॉलरला साधारण पावणेसात मिळतात. गाइड मात्र अमेरिकन डॉलर आनंदाने घेईल. भाव ठरवताना 'टीटी' की 'यूएस' ते बोलून घ्या, दोन्हीकडे चिन्ह तेच असतं.

झुळूक
हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर नवरा जेवला असता.

ओवी
मोरपीस, मार्चमध्ये जाताय तर कासवं? लेदरबॅक तिकडे अंडी घालायला येतात ना?

लाटांवरची_लता
मार्च ते ऑगस्ट, पण उत्तर किनाऱ्याच्या या पट्ट्यात नाही बघायची. पूर्वेला मातुरा किंवा ईशान्येला ग्रांद रिव्हिएरला जावं लागतं, तेही रात्री. त्या काळात तिथे परवान्याशिवाय किनाऱ्यावर जाता येत नाही, स्थानिक मार्गदर्शक सोबत लागतो. फ्लॅश आणि पांढरा टॉर्च बंद. मार्चच्या सुरुवातीला कासवं तुरळक असतात, मे-जून उत्तम.

तिरसट
म्हणजे तिकडे गाइड सक्तीचाच. बरं, परवाना कुठे मिळतो? मला नको, बायको विचारतेय.

लाटांवरची_लता
वन खात्याकडे. गावातल्या मार्गदर्शकांशी आधी बोललात तर तेच काढून देतात.